पोस्टाच्या भिंतीलगतची जागा

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. दादा होता तोवर एक तारखेला माझं पत्र निघायचंच, कारण नाही निघालं तर तो फोन करून "तुमच्याकडचं पोस्ट बंद पडलं का" म्हणून विचारायचा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या जागी तू उत्तरं लिहायला लागलीस म्हणून ही सवय टिकली. फोनवर तू दोन वाक्यांत संपतेस, कागदावर निदान पानभर सापडतेस.

उशिराचं कारण आनंदाचं आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी घरातच मुख्याध्यापिका झाले आहे अशी घरच्यांची तक्रार होती. आता मला बाहेरचं काम मिळालं. आमच्या भागात 'जवळचं ताट' नावाची समिती निघाली आहे आणि मी तिची सचिव आहे. शहरातल्या माणसाने शहराजवळ पिकलेलंच खावं, पन्नास किलोमीटरच्या पलीकडचं नको, असा आमचा आग्रह. अध्यक्ष पूर्वी विमा कंपनीत मोठे साहेब होते. ते आता गच्चीवर मुळ्याची एवढी एवढी रोपं लावतात आणि कात्रीने कापून खातात. घोषवाक्य माझं आहे: 'तुमच्या ताटाचा पत्ता तुम्हाला ठाऊक आहे का?'

पाच एप्रिलच्या रविवारपासून दर रविवारी आमचा बाजार भरेल. जागाही सुंदर मिळाली आहे. जुन्या पोस्टाचा रस्ता, झाडं आहेत, रुंद पदपथ आहे. अडचण एकच. पोस्टाच्या भिंतीला टेकून सात-आठ बायका भाजी घेऊन बसतात. पोती, टोपल्या, पाण्याचे शिंतोडे, सगळा पसारा. कुठून येतात, काय विकतात, कुणाला पत्ता नाही. उद्घाटनाच्या आधी त्यांना हलवावं लागेल, असं अध्यक्ष म्हणतात आणि मलाही ते पटतं.

तू मात्र शेतात राबणारी आहेस. आमच्या पत्रकासाठी मातीशी असलेल्या नात्यावर चार ओळी लिहून पाठवशील का? तुमचा माल अजून तो व्यापारीच नेतो ना? तो नेतो कुठे, कुणास ठाऊक. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी कुठून तरी पालक आणतात, तो फार छान असतो. पण तोही असाच लांबून येत असणार. बाजार सुरू झाला की तो बंद करणार आहे.

तुझी,
धाकटी नणंद

११ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सचिव झालात, आनंद वाटला. मुख्याध्यापिका घरात बसली की घरच्यांची शाळा होते, तेव्हा हे बरंच झालं म्हणायचं.

मातीशी असलेल्या नात्यावर चार ओळी मागितल्यात. मी दोन दिवस विचार केला. नखात जाते आणि निघत नाही, एवढंच सुचलं. पत्रकात चालत असेल तर घाला.

पोस्टाच्या भिंतीच्या बायकांविषयी मात्र मला तुमच्यापेक्षा थोडं जास्त ठाऊक आहे. त्या आठ आहेत. सगळ्या आमच्याच बाजूच्या, पहिल्या बसने येतात. भिंतीलगतच बसतात, कारण सकाळी अकरापर्यंत तिथे सावली असते आणि पालेभाजीला तेवढंच लागतं. कोपऱ्यावरची मुळेवाली तिथे सर्वांत जुनी. तिच्या शेजारी छत्रीवाली, सावलीतही छत्री उघडून बसते, कारण छत्री तिच्या मुलीने पहिल्या पगारातून घेतली आहे. मग दोघी जावा. त्या एकमेकींशी बोलत नाहीत, पण एक उठली की दुसरी तिचा माल विकते. काकडीवाली गिऱ्हाइकाला दोनदा मोजून देते आणि तरी एक जास्तच जाते. चष्मेवालीकडे टोमॅटो असतात, आणि सगळ्यात धाकटीकडे फक्त वाटाणे, तेही सोललेले. आठवी पालक विकते. फार बोलत नाही. स्वभावाने बरी आहे, असं बाकीच्या म्हणतात.

आठजणींपैकी सगळ्यात लांबची बेचाळीस किलोमीटरवरून येते. तुमची पन्नासाची रेघ त्यांच्या शेतांच्या पुष्कळ पलीकडे पडते. तुमच्या ताटाचा पत्ता त्यांना ठाऊक आहे, वन्सं. विचारायला कुणी खाली वाकत नाही, एवढंच.

त्यांना हलवणार ते ठीक, पण बसवणार कुठे, ते कळवा.

तुमची,
वहिनी

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

काय पत्र लिहिलंस. मी ते समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. छत्रीच्या जागी सगळे हळवे झाले. अध्यक्ष म्हणाले की असा तळागाळातला आवाज आपल्या कामात यायलाच हवा, आणि तसा ठराव नोंदवायला त्यांनी मला सांगितलं. मी नोंदवला.

तुझी त्या बायकांशी एवढी ओळख कशी, याचं मला नवल वाटलं. मग लक्षात आलं, तालुक्याला जाता-येता बसमध्ये भेटत असतील. तू कुणाशीही बोलतेस, दादाही म्हणायचा.

तुझ्या पत्राचा परिणाम असा की आता त्यांना नुसतं हलवणार नाही, तर त्यांचं सन्मानपूर्वक स्थलांतर करणार. पोस्टाच्या मागची गल्ली त्यांना दिली आहे. कचऱ्याची गाडी तिथे थांबते हे खरं, पण ती काही दिवसभर थांबत नाही. शिवाय ग्राहकांशी संवाद कसा साधावा याचं त्यांना दोन तासांचं प्रशिक्षण देणार आहोत, शुक्रवारी सकाळी सात वाजता. भिंतीलगत पुदिन्याच्या कुंड्या मांडल्या आहेत, म्हणजे परत कुणी बसायला नको. रस्ता ओळखू येत नाही आता.

आणि आता मुख्य गोष्ट. उद्घाटनाला मंचावर एक खरी शेतकरी बाई असावी असं सगळ्यांचं मत पडलं. मी लगेच तुझं नाव सुचवलं. तुझा मोठा फोटो लावू, खाली लिहू: 'ओळखीच्या हातातून आलेलं'. हेच आमच्या सगळ्या मालाच्या चिठ्ठीवरही छापणार आहोत. तू यायचंस, नाही म्हणायचं नाही. माझ्या घरी उतर. तीन वर्षांत एकदा तरी माझ्या घराची पायरी चढ.

तुझी,
धाकटी नणंद

१ मार्च

प्रिय वन्सं,

मंचावर बसायला जमणार नाही. रविवारी मला शहरात काम असतं. तसं मंगळवारी आणि शुक्रवारीही असतं, तीन वर्षांपासून असतं. बसून करायचं काम आहे, पण मंचावरचं नाही.

तुमच्या प्रशिक्षणाला कुणी आलं नाही म्हणून तुम्ही हिरमुसल्या असाल. शुक्रवारी सकाळी सात वाजता त्या बायका ग्राहकांशी संवाद साधत असतात. वेळ विचारून ठरवली असती तर दोघी-चौघी आल्या असत्या, निदान चहा मिळतो का पाहायला.

मागच्या गल्लीचं सांगते. आठ वाजता ऊन येतं. नऊ वाजता गाडी येते आणि मग अर्धा तास कुणी तिकडे फिरकत नाही. पुढच्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाला गल्लीत भाजी आहे हे कळायला काही मार्ग नाही. पालक अकराच्या आत मान टाकतो. छत्रीवालीच्या छत्रीखाली आता तिघींचा माल असतो. दोघी जावांपैकी धाकटी यायची थांबली, आणि थोरलीला तिचा माल विकायची इतकी सवय की ती रिकाम्या जागेकडे बघत बसते. पंधरा दिवस असंच चाललं तर आणखी दोघी-तिघी थांबतील. पालकवालीही विचारात पडली आहे. एकर-दीड एकर ओलिताचं रान आहे तिचं. माल विकला गेला नाही तर ते कुणाला तरी कसायला देऊन टाकावं लागेल, आणि नवरा गेल्यावर तेवढं एकच तिने हट्टाने धरून ठेवलं आहे.

पुदिन्याच्या कुंड्यांना पाणी कोण घालतं? मुळेवालीने परवा घातलं, तिला बघवेना.

माझा फोटो लावू नका. ओळखीच्या हातांचं म्हणत असाल तर हात ओळखीचे आहेत का ते आधी बघा.

तुमची,
वहिनी

८ एप्रिल

प्रिय वहिनी,

बाजार उत्तम पार पडला. गर्दी अपेक्षेच्या तिप्पट झाली. साबणवाली, जॅमवाला, तळघरात अळिंबी पिकवणारं जोडपं, अध्यक्षांची कात्रीने कापायची रोपं, सगळं लोकांनी उचललं. भाषणं लांबली, पण माझं नाही लांबलं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर फोटो आला आहे. त्यात मी अध्यक्षांच्या मागे आहे, अर्धी.

ताजी भाजी मात्र दहा वाजेपर्यंत संपली. आमच्याकडे नावं नोंदवलेल्या शेतकऱ्यांपैकी दोघांची गाडी आलीच नाही आणि एकाने नुसता भोपळा आणला. लोक भाजी मागत होते. पण स्थानिक पातळीवरच व्यवस्था झाली आणि बाजार एक वाजेपर्यंत चालला.

तुला बरं आहे ना? ऊन फार वाढलंय. डोक्याला काही बांधल्याशिवाय बसत जाऊ नकोस.

बाकी विशेष काही नाही. पत्र पाठव.

तुझी,
धाकटी नणंद

१४ एप्रिल

वन्सं,

आज मी तुला तू म्हणणार आहे. चाळीस वर्षं तुम्ही म्हटलं, ते तुला फार जड झालेलं दिसतं.

ऊन वाढलंय हे तुला कसं कळलं, ते आपण दोघी जाणतो. पण तू पत्रात लिहिलं नाहीस, म्हणून मी लिहिते. कुणीतरी लिहायला हवं.

साडेदहाला तू गल्लीत आलीस. गळ्यात हिरवा पट्टा, हातात वही, बरोबर तुमचे अध्यक्ष आणि टोपल्या उचलायला दोन पोरी. मुळेवालीकडचे मुळे घेतले, चष्मेवालीचे टोमॅटो घेतले आणि मग माझ्यासमोर आलीस. मी वर पाहिलं. तू मला पाहिलंस. डोक्याला पंचा होता तरी ओळखलंस, तुझा चेहरा मी काही आज बघत नाही. मला क्षणभर बरंच वाटलं. म्हटलं, आता ही खाली बसेल, "वहिनी, हे काय" म्हणेल, मी उत्तर देईन आणि तीन वर्षांचं लपवणं एकदाचं संपेल. अध्यक्षांनी विचारलं, "ओळखीची आहे का?"

तू म्हणालीस, "छे हो. बसतात नेहमी इथे." आणि मला म्हणालीस, "बाई, पालक कसा दिला?"

मी भाव सांगितला. तू घासाघीसही केलीस. ती कशाला केलीस ते मला अजून कळलेलं नाही. नेहमीच्या बाईशी करतात म्हणून केलीस का?

सगळा पालक गेला. उलट्या रस्त्याने बसकडे जाताना मी तुमच्या बाजारातून गेले. माझ्याच जुड्या तिथे मांडलेल्या होत्या, दुप्पट दरात, आणि प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: 'ओळखीच्या हातातून आलेलं'.

मी कधीपासून तिथे बसते आणि का सांगितलं नाही, तेही एकदा सांगून टाकते. तुझा भाऊ होता तोवर व्यापारी नीट वागला. तो गेल्यावर बाईमाणूस बघून माल परत पाठवायला लागला, म्हणून मी स्वतः टोपली उचलली. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या शाळेच्या बायका त्याच रस्त्याने जातात. तुला मान खाली घालावी लागू नये असं वाटलं. माझी चूक झाली. तू मान खाली न घालताही निभावून नेतेस.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बसमध्ये काकडीवालीने विचारलं, "ती बाई तुझी कोण?" मी म्हटलं, कुणी नाही. तेव्हा आपली फिटंफाट झाली असं समज.

माफीचं पत्र पाठवू नकोस. मला माफी नको, भिंतीलगतची जागा परत हवी. ती गेली तर जूनपर्यंत रान दुसऱ्याच्या हातात जाईल. तुला काही करता येत असेल तर तेवढं कर.

वहिनी

३ मे

प्रिय वहिनी,

माफी मागू नको म्हणालीस, म्हणून तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

मी का तसं बोलले, हे मी रोज स्वतःला विचारते. शाळेत एखादी मुलगी खोटं बोलली की मी तिला उभी करून कारण विचारत असे आणि तिला सांगता यायचं नाही. मला ते खोटं वाटायचं. आता कळतं, कारण सांगता येत नाही. तोंडून निघून गेलं, आणि मग ते खरं करायला मी भाव पाडून मागितला. मला स्वतःची लाज वाटली, वहिनी. घरी येऊन तोच पालक जेवले. मावशींनी वाढला. मी म्हटलं, हा कुठून आणलात? त्या म्हणाल्या, "पोस्टापाशी तुमच्या वहिनी बसतात ना, त्यांच्याकडून. तीन वर्षं झाली." मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाहीत. त्यांनीही सांगू नका म्हटलं." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी घातला, समितीचा पट्टा गळ्यात घालून.

काल बैठकीत मी उभी राहून सगळं सांगितलं. ओळखीची नाही म्हटलं ते खोटं होतं, ती माझ्या सख्ख्या मोठ्या भावाची बायको आहे, हेही सांगितलं. मला वाटलं सचिवपद जाणार. झालं उलटंच. अध्यक्षांचे डोळे भरून आले. सचिवांच्या घरातच खरी शेतकरी बाई निघाली, याच्याइतकं जवळचं ताट कुठलं, असं म्हणाले. एकमताने ठराव झाला. भिंतीलगतची जागा तुला, आठवड्याचे सगळे दिवस. पुदिन्याच्या कुंड्या बाजूला सरकवतील. तसा पुदिना वाळलाच आहे.

मी बाकीच्या सात जणींचं म्हटलं. भांडले म्हटलं तरी चालेल. पण जागा एकच मिळाली. एकीला दिली ती सचिवांची वहिनी म्हणून, असं ठरावात लिहिलं आहे. सगळ्यांना दिली तर पुन्हा पसारा होईल, असं त्यांचं म्हणणं. मला हे लिहायलाही अवघड वाटतं, पण तुझी जागा तरी परत आली. जागेचं, गळ्यात घालायचं कार्ड सोबत पाठवते. तुझा फोटो माझ्याकडे नव्हता, म्हणून दादाच्या साठीच्या फोटोतला कापून लावला. त्यात तू ऊन लागतं म्हणून कपाळावर हात धरला आहेस, त्यामुळे तोंड नीट दिसत नाही.

तू मला तू म्हणालीस. रागाने का होईना, चालेल.

तुझी,
धाकटी नणंद

१८ मे

वन्सं,

कार्ड मिळालं. बैठकीत उभी राहिलीस हे वाचून मी पत्र खाली ठेवलं, गोठ्यापर्यंत जाऊन आले आणि मग पुढचं वाचलं. बरं केलंस.

फोटो मीही निरखून पाहिला. एक बाई आहे, कपाळावर हात आहे. इतकंच म्हणता येईल.

जागा एक आणि बायका आठ, याचा हिशेब आम्ही बसमध्ये लावला. मी एकटी तिथे सावलीत बसायचं आणि सातजणींनी मागे गाडीच्या वासात, हे मला जमणारं नव्हतं. कार्ड परत पाठवते म्हटलं तर मुळेवाली माझ्यावर ओरडली. मिळालेली जागा परत देणारी माणसं तिने आजवर पाहिली नव्हती. शेवटी असं ठरलं, की कार्ड एक, पण गळे आठ. एका दिवशी एकीने कार्ड घालून भिंतीलगत बसायचं आणि सगळ्यांचा माल विकायचा. बाकीच्यांनी घरी रानात काम करायचं. माल पहिल्या बसला टोपल्यांनी चढतो, बसणारी उतरवून घेते. आठ बाजारांत एकदा पाळी येते. धाकटी जाऊ परत आली. थोरलीने तिचा माल विकला आणि घरी गेल्यावर तिला किती गेला ते सांगितलं. म्हणजे चौदा वर्षांनी बोलली. छत्री पाळीबरोबर फिरते.

तुमच्या हिरव्या पट्ट्यांची पोरं रोज येतात, कार्ड बघतात आणि "बरं आहे ना काकू" म्हणून जातात. पहिल्या दिवशी मी होते, मग काकडीवाली, मग चष्मेवाली. कुणी काही विचारलं नाही. तुला मला ओळखायला एक क्षण लागला होता. त्यांच्यासाठी आम्ही सगळ्या एकच आहोत, त्याचा आम्ही उपयोग करून घेतला.

हे तुला लपवून करता आलं असतं. लपवण्याचं फळ एकदा पाहिलं, म्हणून लिहिते. तू सचिव आहेस, तपासायला तूच येशील. तेव्हा काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. नियमाने वागलीस तर मी रागावणार नाही. मागच्या गल्लीत परत जाऊ, आणि रान कुणाला द्यायचं ते बघू.

वहिनी

१५ जून

प्रिय वहिनी,

महिनाभर मी पोस्टाच्या रस्त्याने गेलेच नाही. कंबर दुखते म्हणून कळवलं. दुखत नव्हती. जाईन तेव्हा एकतर तुम्हाला उठवावं लागेल नाहीतर खोटं बोलावं लागेल, आणि खोटं बोलण्यातली माझी गती तू पाहिलीच आहेस.

पण अध्यक्षांनी गाठलंच. त्यांना तुझ्या शेताचा नमुना म्हणून अभ्यास करायचा आहे. एका एकरात पालक, मुळा, टोमॅटो, काकडी, वाटाणा, कोबी, कोथिंबीर आणि आणखी चार पिकं एकाच वेळी, आणि दर दोन दिवसांनी एवढा माल, हे त्यांना कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. त्यांनी त्यावर अकरा पानं लिहिली आहेत. प्रत्यक्ष येऊन बघायचं म्हणतात. मी पावसाळ्यानंतर म्हटलंय, पावसाळ्यात चिखल असतो हे त्यांना पटलं.

काल रविवारी ते मला घेऊन भिंतीपाशी आले. बरोबर समितीचे चौघे, वर्तमानपत्राची एक मुलगी, आणि मागे गिऱ्हाइकांची रांग. रांगेत माझ्या शाळेतल्या दोघीजणी होत्या. छत्रीखाली एक बाई होती. दहा टोपल्या, पण पसारा नाही, उलट आमच्या सगळ्या दुकानांपेक्षा नीट मांडलेलं. गळ्यात कार्ड, कार्डावर तुझा हात कपाळाशी. वाटाणे सोलत होती, म्हणजे ती सगळ्यात धाकटी असणार. तिशीचीही नसेल. तिने माझ्या पट्ट्याकडे पाहिलं आणि सोलायची थांबली. तिचे हात मांडीवर तसेच राहिले.

अध्यक्षांनी विचारलं, "या कोण?"

मी म्हटलं, "माझी वहिनी."

ते जरा गोंधळले. म्हणाले, "पण शुक्रवारी इथे दुसऱ्या बाई होत्या, वयस्क."

"त्याही वहिनीच."

"आणि मंगळवारी चष्मा लावलेल्या?"

"त्याही," मी म्हटलं. "आमचं कुटुंब मोठं आहे."

वर्तमानपत्राच्या मुलीने ते लिहून घेतलं. शाळेतल्या एकीने पुढे होऊन विचारलं, खरंच तुमच्या घरच्या आहेत का, म्हणजे भाजी चांगली असणार. मी त्या वाटाणेवालीशेजारी खाली बसले. पदपथावर बसायची सवय नाही, गुडघे बोलले. मग तिच्या टोपलीतले वाटाणे सोलायला घेतले आणि म्हटलं, हो, घरच्याच. ती हळूच मला म्हणाली, "तुम्हाला किती वहिन्या आहेत ते आधी मोजून ठेवा, मंगळवारी काकडीवाली येणार आहे."

खोटं आहे, आणि ते नोंदवहीत माझ्या सहीने गेलं आहे. पकडलं गेलं तर पद जाईल, जाऊ दे. मला एकच भाऊ होता, हे समितीत कुणाला ठाऊक नाही. काल भर रस्त्यात मी त्याच्या नावावर आठ बायका चढवल्या. तो असता तर पोट धरून हसला असता आणि मग हळूच विचारलं असतं, त्यातली पहिली कोण ते तरी नीट सांगितलंस का.

ते मी त्या वाटाणेवालीला सांगितलं. शुक्रवारी तुझी पाळी आहे असं ती म्हणाली. मी सकाळी सातलाच येते, बसवरून टोपल्या उतरवून घ्यायला.

तुझी,
धाकटी नणंद